नव्वदच्या वर

नवरा त्या दिवशी ऑफिसातून आला तो शीळ घालतच. त्याचं ऑफिस डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला, पाण्याच्या काठी, सगळं काचेचं. तिथे त्या दिवशी हेल्थ डे होता. म्हणजे एका खोलीत नर्स बसवलेली, बोटाला टोचून रक्त, दंडाला पट्टा, कमरेला टेप आणि बाहेर पडताना हातात एक केळं. बूट काढता काढताच त्याने मला ऐकवलं, "नर्स म्हणाली, यू आर ग्रँड. म्हणजे एकदम ठणठणीत. आता बोल."

"कंबर किती आली?" मी विचारलं.

"ब्याण्णव सेंटिमीटर. लिमिट चौऱ्याण्णव आहे. म्हणजे पास."

मी डॉक्टर आहे. पुण्यात शिकले आणि आता इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात मधुमेहाच्या क्लिनिकला बसते. कंबर, रक्तदाब, साखर हे माझं रोजचं दळण. त्यामुळे त्याच्या त्या 'पास'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौऱ्याण्णव ही मर्यादा युरोपातल्या पुरुषांची. आपल्याकडच्या पुरुषांना नव्वदच. आपले हातपाय काडीसारखे राहतात आणि चरबी जाऊन बसते ती नेमकी पोटात, आतड्यांच्या अवतीभवती, जिथे ती सगळ्यात जास्त नुकसान करते. हे मी त्याला शांतपणे सांगितलं. शांतपणे म्हणजे माझ्या मते. मुलगी जिन्यावरून ओरडली, "आई, ही'ज ग्रँड! लीव्ह हिम अलोन!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ते असं, डब्लिनच्या हेलात.

मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. माझ्या लग्नात आईने दिलेली पिवळी टेप, शिंपी गळ्यात घालतात तसली. त्याला हात वर करायला लावले आणि मोजलं. ब्याण्णवच.

"इंडियन असल्याची शिक्षा आहे ही," तो म्हणाला.

मग मी त्याच्या रिपोर्टचा कागद ओढून घेतला. डॉक्टरी भाषेत याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी हिशेब सोपा आहे. वाढलेली कंबर, वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी, कमी झालेलं चांगलं कोलेस्टेरॉल आणि उपाशीपोटीची वाढलेली साखर, या पाचांपैकी कुठल्याही तीन गोष्टी एका माणसात सापडल्या की तो माणूस त्यात बसला. अशा माणसाला पुढे मधुमेह आणि हृदयाचा झटका यांची भीती इतरांपेक्षा बरीच जास्त. नवऱ्याची कंबर वर, रक्तदाब वर, चरबी वर. "म्हणजे दोन विषयांत अजून पास आहे की," तो म्हणाला, आणि ते केळं सोलून खाल्लं.

त्याचे वडील ऑफिसच्या खुर्चीतच गेले होते, हातात चहाचा कप असताना. तेव्हा ते नवऱ्याच्या आत्ताच्या वयापेक्षा थोडेसेच मोठे होते. हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मीही त्या दिवशी बोलले नाही, पण मोजताना माझ्या डोक्यात तेच होतं.

आम्ही ब्लँचर्डस्टाउनला राहतो. आमच्या भिंतीला भिंत लावून एक कोरियन जोडपं आहे. त्यातला नवरा, म्हणजे आमचा शेजारी, माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात, दोघं सकाळी एकाच बसने जातात. दोघांची शरीरंही एका साच्यातून काढल्यासारखी, मनगटं बारीक, पाय बारीक आणि शर्टाच्या आत छोटी उशी लपवल्यासारखं पोट. हेल्थ डेला शेजाऱ्याचीही कंबर मोजली होती. तोही नव्वदच्या वर आणि चौऱ्याण्णवच्या आत, म्हणून तोही ग्रँड.

त्या रविवारी ते दोघं आमच्याकडे चहाला आले. नवऱ्याने हसत हसत माझी तक्रार केली, की ही मला आजारी ठरवते आहे. शेजारी मान डोलावून म्हणाला, "आमच्याकडेसुद्धा पुरुषांना नव्वदच. आमच्या देशात सरकारच दर दोन वर्षांनी तपासणी करायला लावतं. मला हे केव्हापासून माहीत आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आमच्याकडे मोठ्या माणसांत चौघांमागे एकाला तरी हा सिंड्रोम आहे. माझ्या जुन्या ऑफिसात ज्याला नाही त्यालाच आम्ही चिडवायचो."

मग त्याने कारणंही सांगितली, आणि ती इतकी बरोबर सांगितली की मला चहा कडू लागला. दिवसभर खुर्ची, साहेब उठेपर्यंत उठायचं नाही, मग सगळ्यांनी मिळून प्यायला जायचं, उशिरा भाजलेलं मांस, वर सूपातल्या शेवया, सिगरेट, आणि झोप जेमतेम. वय वाढेल तसं ते वाढतंच. बायकांना तरुणपणी कमी असतं, पण पाळी गेल्यावर त्याही मागे राहत नाहीत. हे त्याने टीव्हीवर पाहिलं होतं, आईकडून ऐकलं होतं, प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरने सांगितलं होतं. इतक्या लोकांना आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू मला नीट ओळखता आलं. मीही घरी तसंच हसते.

मला वाटलं, यांच्या देशाने निदान मोजलं तरी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला हॉल भरून सॉफ्टवेअरवाले जमतात. तिथे मी प्रत्येकाच्या पट्ट्याकडे बघत उभी असते आणि मनातल्या मनात मोजते. आपल्याकडे अजूनही कोणाची ढेरी दिसली की म्हणतात, खात्यापित्या घरचा दिसतोय. लग्नाआधी माझ्या मामाने याच शब्दांत या स्थळाची शिफारस केली होती.

पण नवरा अगदीच दगड नव्हता. माझ्या बोलण्याचा त्याच्यावर परिणाम झाला, आणि तो परिणाम फक्त आपल्याच माणसावर होऊ शकतो असा होता. त्याने उपास धरले.

आधी सोमवार. मग संकष्टी. मग एकादश्या. "तूच म्हणतेस ना खाणं कमी कर? आता आठवड्याचे किती दिवस मी जेवतच नाही बघ," असं तो मला मोठ्या अभिमानाने सांगायचा. तो नागपूरचा, तो साबुदाण्याच्या खिचडीला उसळ म्हणतो. तर उपासाला सकाळी उसळ, तुपात, दाण्याचं कूट भरपूर. दुपारी उकडलेलं रताळं किंवा बटाट्याचा कीस. चार वाजता राजगिऱ्याचे लाडू, कारण चक्कर येते. आणि उपास सोडताना साग्रसंगीत जेवण आणि काहीतरी गोड, कारण सोडताना गोड हवंच. मी सांगितलं, अरे साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्याने साखर सुसाट वर जाते, यापेक्षा दोन भाकऱ्या आणि मेथीची भाजी खा. तो म्हणाला, "उपासाला भाकरी? डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, मग खरा उपास कर, नुसत्या पाण्यावर. तर म्हणे ॲसिडिटी होते.

संकष्टीचा प्रकार तर मी क्लिनिकमध्ये कोणाला सांगितला तर मलाच तपासायला पाठवतील. संकष्टीला चंद्र उगवल्यावर उपास सोडायचा. आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात त्या दिवशीचा चंद्र पार मध्यरात्रीकडे उगवतो, आणि ढगांमुळे तोही दिसत नाही. नवऱ्याने त्यावर तोड काढली. आपण मूळचे तिकडचे, म्हणून नागपूरचा चंद्र धरायचा. नागपूरला चंद्र उगवतो तेव्हा आमच्याकडे लख्ख ऊन असतं आणि घड्याळात संध्याकाळच्या चहाची वेळ. बरोबर त्या वेळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा.

"चंद्र निघाला रे बाप्पा! सोड आता उपास," त्या म्हणायच्या. मग मी दिसले की मला, "काऊन वो डॉक्टरीनबाई, माह्या लेकाचं तोंड कसं सुकून गेलं पाय! लय काम करते तो. त्याले पोटभर खाऊ घाल."

फोनमध्ये तोंडच दिसतं. ढेरी खाली टेबलाच्या आड. मी फोन जरा खाली वळवावा असं मला दर वेळी वाटायचं, पण त्यांनी एक माणूस असाच गमावला आहे, आणि लेकाला भरवणं एवढंच त्यांच्या हातात उरलं आहे. त्यांना मी काय सांगणार? मी "हो आई" म्हणून मोदक वाफवायला ठेवायची.

मी सगळे उपाय करून पाहिले. साबुदाण्याचा डबा प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, अगदी वरच्या फळीवर डाळींच्या मागे लपवला. त्याने इंडियन दुकानातून मोठं पाकीट आणलं. मी संध्याकाळी चालायला चल म्हटलं, तर पाऊस. ऊन असलं तर मीटिंग. रागावले, रडले, अबोला धरला. अबोल्यात तो बिचारा माझ्यासाठी चहा करून आणायचा, त्यात माझ्यापुरती साखर नाही आणि त्याच्या कपात दोन चमचे.

क्लिनिकमध्ये मात्र लोक माझं ऐकतात. एक आयरिश बस ड्रायव्हर येतो, त्याने माझ्या सांगण्यावरून ब्रेड सोडला, फिरायला लागला, पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. ते भोक दाखवत तो मला म्हणाला, "घरी तुमचा माणूस तर फारच फिट असेल, डॉक्टर." मी हसून पुढच्या तारखेचं बोलले. तो गेल्यावर मात्र मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की पुढच्या पेशंटला बोलवायच्या आधी मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

शेजारणीची गत माझ्यासारखीच होती. आमच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिथे आमच्या गप्पा चालत. तिचा नवरा शेडच्या मागे जाऊन सिगरेट ओढतो आणि मग पुदिना चघळत घरात येतो, हे ती मला सांगायची. मी तिला नागपूरचा चंद्र सांगितला. ती पोट धरून हसली, आणि हसून झाल्यावर म्हणाली, "तुझा निदान देवाला घाबरतो." उपासाला रताळं चालतं हे तिच्या नीट लक्षात राहिलं. तेव्हापासून दर सोमवारी ती ओव्हनमध्ये भाजलेली रताळी फॉइलमध्ये गुंडाळून भिंतीवर ठेवायची. तिचा तो लोभ होता. मी त्यालाही नको म्हणू शकले नाही.

तो शनिवार चांगला ऊन पडलेला होता. शेजारी गवत कापत होता, मशीनचा आवाज येत होता. मी स्वयंपाकघरात होते. आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिने मला हाक मारली. "डॉक्टर" अशी. एरवी ती मला नावाने हाक मारते.

तो मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता. घामाने भिजलेला, रंग राखेसारखा. जबडा दुखतोय म्हणाला, आणि काल रात्री तिखट खाल्लं त्याने ॲसिडिटी झाली असेल, असंही म्हणाला. मी त्याला ॲस्पिरिन चघळायला दिली आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. नवऱ्याला ओरडून सांगितलं की रस्त्यावर जाऊन उभा राहा आणि ते आले की हात कर. त्यापुढे माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. ना मशीन, ना सुई, ना ऑक्सिजन. मी गवतात बसून त्याचं मनगट धरलं होतं, आणि बोटांखाली नाडी अडखळत होती. त्याची बायको त्याच्या पायातले बूट काढत होती. का काढत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. ॲम्ब्युलन्स लवकर आली असं सगळे म्हणतात. मला ते लवकर वाटलं नाही.

त्याला नेलं. ती सोबत गेली. मी वळून पाहिलं तर माझा नवरा अजून फाटकापाशीच उभा होता, एक हात अर्धवट वर आणि दुसरा स्वतःच्या छातीवर. चेहरा पांढराफटक. आणि मी खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं याने पाहिलं. शेजारी मरणाच्या दारात, आणि माझ्या मनात हे. पण वाटलं. वाटलं, आता तरी हा जागा होईल.

शेजारी वाचला. दोन नळ्या बंद होत्या, त्या उघडल्या, पण हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच. बरेच दिवस त्याला ठेवून घेतलं होतं. त्या आठवड्यात नवरा एकटाच बसने गेला. बसमध्ये शेजारची सीट रिकामी असते म्हणाला, तेवढंच. जेवणही कमी झालं होतं. मला वाटलं, आत काहीतरी हलतंय, आपण धक्का लावू नये.

शुक्रवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "मी एक ठरवलंय," म्हणाला.

माझा जीव कानात गोळा झाला. "काय?"

"तो घरी येईपर्यंत मी शनिवार धरणार. मारुतीचा. त्याच्यासाठी." त्याचे डोळे भरून आले होते. "डोळ्यांसमोर झालं गं. मला काहीच करता आलं नाही. एवढं तरी करतो." आणि जरा थांबून, "साबुदाणा आहे ना घरात?"

मी काय बोलायला हवं होतं ते मला सगळं ठाऊक होतं. ते मी क्लिनिकमध्ये पाठ म्हणते. पण तो लहान मुलासारखा रडत होता, आणि त्याच्या त्या रडण्यात देवही होता, मित्रही होता आणि त्याचा बापही होता. मी स्टुलावर चढले, डाळींच्या मागून डबा काढला आणि साबुदाणा भिजत घातला.

शनिवारी दुपारी शेजारीण हॉस्पिटलातून थेट आमच्याकडे आली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. नवऱ्याने स्वतः तिला वाढलं आणि हा उपास तुझ्या नवऱ्यासाठी आहे म्हणून सांगितलं. नीट कळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. नंतर दोघांनी समोरासमोर बसून उसळ खाल्ली, तूप, कूट, बटाटा, सगळं. तिने दुसऱ्यांदा घेतली. त्यानेही घेतली. मी वाढत होते.

ती झोपायला घरी गेली. मी भांडी घासत होते. नवरा वर गेला आणि खाली आला तो हातात शिवणाच्या डब्यातली पिवळी टेप घेऊन. मी मागितली नव्हती. हेल्थ डेपासून त्याने टेपला हातही लावला नव्हता.

"मोज," तो म्हणाला.

मी हात पुसले. त्याने शर्ट वर केला, दोन्ही हात वर केले आणि पोट आत ओढून घेतलं, जितकं ओढता येईल तितकं. बरगड्या दिसायला लागल्या. मी टेप फिरवली, बेंबीच्या वर आणली, टोकं जुळवली. एकोणनव्वद.

"किती?" त्याने दात दाबून विचारलं.

"श्वास सोड," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. चेहरा लाल व्हायला लागला होता. त्याचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यात थट्टा नव्हती, नुसती भीती होती. तेव्हा मला कळलं की याला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"सोड रे," मी म्हटलं. "सोड. मी आहे."

तो सोडेना. मी टेप धरून तशीच उभी राहिले.